परतबाई

बाईंनी आयुष्यात कुणालाही शाब्बास म्हटले नाही. पोशेऱ्याच्या पुढे, डोंगराला चिकटलेल्या एका पाड्यावरच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षे काढली, आणि एवढ्या काळात तो शब्द त्यांच्या तोंडून चुकूनसुद्धा निसटला नाही. एखादे पोर धडा न अडखळता वाचून मान वर करी आणि मोठ्या आशेने त्यांच्या तोंडाकडे बघे. बाई म्हणत, "परत." पोर तोच धडा पुन्हा वाची. बरोबर आला तर बाई पुढच्या पोराकडे वळत, चुकला तर आणखी एकदा "परत." पोरांनी त्यांचे नाव परतबाई पाडले. पोरांच्या तोंडून ते त्यांच्या आयांकडे गेले आणि तिथून जीपवाल्यांकडे. मोखाड्याच्या स्टँडवर "परतबाईंच्या शाळेपाशी उतरव" म्हटले की जीपवाला पुढचे काही विचारत नसे. बाईंना हे नाव ठाऊक होते. "मास्तरांना यापेक्षा वाईट नावं पडतात," त्या म्हणाल्या. "तुमचं काय पडलंय ते ऐकलंत का?" मी ऐकले नव्हते. त्यांनी ते लगेच सांगितले. ते मी इथे लिहीत नाही.

मी जव्हारचा. पेठेत आमचे किराणा दुकान आणि घरात मास्तर झालेला मी पहिलाच, त्यामुळे पाड्यावरची नेमणूक मला शिक्षाच वाटली होती. बाई जामसरच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. अंगाने काटकुळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. पोरावर त्यांनी कधी हात उगारला नाही, कारण जिभेवरच काम भागत होते. "तुझ्या डोक्यात भात लावला पाहिजे रे, एवढं पाणी साचलंय," असे त्या एखाद्याला सांगत, आणि तेही त्याच्या घरच्या बोलीत. प्रमाण मराठी माझ्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. मी एकदा विचारले, तर म्हणाल्या, "निदान बोलणी तरी पोराला नीट समजली पाहिजेत. पुस्तकातली मराठी त्याच्या घरात पाहुण्यासारखी येते. तिच्यासमोर तो तोंडच उघडत नाही." पोराला शब्द कळला नाही की त्याच्या बोलीतला शब्द त्या आधी सांगत आणि मग "एवढंसुद्धा माहीत नाही" म्हणून त्याच बोलीत त्याला सोलून काढत.

माझी हजेरी त्यांनी पहिल्याच महिन्यात घेतली. माझ्याकडचा दुसरीचा वर्ग धडा एका सुरात म्हणत होता. आवाज थेट ओहोळापर्यंत जात होता आणि मी खुशीत होतो. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या पोराच्या हातातले पुस्तक घेऊन त्यांनी पानाच्या मध्यावर एका शब्दाखाली बोट ठेवले. "हे काय लिहिलंय?" पोराने डोळे मिटले आणि धडा पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली. त्या शब्दापाशी पोचल्यावर तो शब्द मोठ्याने म्हटला आणि पोर थांबले. बाईंनी बोट खालच्या ओळीवर नेले. पोराने डोळे मिटले, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. बाईंनी पुस्तक उलटे करून त्याच्या हातात दिले. त्याला फरक पडला नाही. "सर, तुमच्या वर्गात भजन फार गोड चालतं," त्या पोरांसमोरच म्हणाल्या. "वाचन कधी सुरू करताय?" माझे कान तापले. दुसऱ्या दिवसापासून मीही शब्दाखाली बोट ठेवायला लागलो. वर्गातल्या बहुतेक पोरांना वाचता येत नव्हते.

गणिताचेही तेच. पोरे फळ्यावर बेरीज करत, "हातचा एक" म्हणून वर टिंब देत आणि उत्तर बरोबर आणत. बाईंनी एकीला विचारले, "हा हातचा कुठून आला?" ती म्हणाली, "सरांकडनं." बाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुमच्याकडे आणखी आहेत का? आमच्या पहिलीला द्या थोडे." नंतर त्यांनी पोरांना कारवीच्या काड्या तोडायला लावल्या, दहा-दहांच्या जुड्या बांधायला लावल्या, आणि दहा सुट्या काड्या झाल्या की त्यांची जुडी होऊन शेजारच्या घरात जाते हे पोरांच्या हातांना कळेपर्यंत फळ्याला खडू लागू दिला नाही. त्या दिवसांत पोरांची नखे सुतळीने सोलून निघाली होती. कुणी कुरकुरले तर "नख परत येतं" एवढीच सहानुभूती.

वरून कोणी साहेब आले तरी बाईंची भाषा बदलत नसे. एका साहेबांनी विचारले, "बाई, तुमची किती मुलं वाचतात?" "निम्मी." साहेब नाराज झाले. म्हणाले, "अहो, पलीकडच्या शाळेत तर सगळी वाचतात." बाई म्हणाल्या, "मग त्यातली दोन-चार इकडे पाठवा. आमच्यांना शिकवतील." साहेबांनी चहा अर्धा ठेवला. त्या वर्षी आमच्या शाळेला कसलेच प्रशस्तिपत्र मिळाले नाही आणि बाईंनी त्याची चौकशीही केली नाही.

हा कडवटपणा कुठून आला, ते त्यांनी मला एका दुपारी भाकरी खाता खाता सांगितले. "मला चौथीपर्यंत सगळ्यांनी शाब्बास म्हटलं. धडा घडाघडा म्हणायची ना मी. पाचवीत आश्रमशाळेत गेले. तिथल्या बाईंनी नवं पुस्तक दिलं आणि वाच म्हणाल्या. मला एक ओळ येईना. वर्गातल्या सगळ्या पोरी हसल्या. त्या दिवशी मला कळलं, की माझे मास्तर चार वर्षं माझ्याशी गोड खोटं बोलत होते." मी विचारले, मग? "मग काय, पहिलीच्या पोरींत जाऊन बसले. रडत बसले, पण बसले." हे सांगताना त्यांना अभिमान होता. आपण बसलो म्हणजे कुणालाही बसता येते, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचा हाच एक हिशेब चुकला.

आमच्या शाळेत खरे तर घाई दिवाळीची असे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येई आणि अर्धा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाई, पोराबाळांसकट. परत येणे पावसाच्या तोंडाला. तोवर शिकलेले निम्मे धुऊन निघालेले असे. ज्याला दिवाळीच्या आत वाचता येई, त्याच्याकडे ते टिकत असे, बाकीच्यांचे नाही. म्हणून बाईंनी इयत्ता मोडून टाकल्या. व्हरांड्यात चार रांगा: अक्षरांची, शब्दांची, वाक्यांची आणि गोष्टीची. ज्याला जेवढे येते त्याने त्या रांगेत बसायचे, मग तो पहिलीतला असो की चौथीतला. आले की त्याच दिवशी पुढची रांग. विसरले की त्याच दिवशी मागची. हे काम फार गुणाचे होते हे मी शपथेवर सांगतो, पोरे खरोखर वाचू लागली. पण व्हरांडा उघडा होता आणि पाण्याला जाणाऱ्या सगळ्या बाया समोरून जात.

सुकऱ्या चौथीत होता आणि अक्षरांच्या रांगेत बसायचा. थोराड अंगाचा पोर, शुक्रवारी जन्मला म्हणून सुकऱ्या. दर वर्षी अर्धे वर्ष भट्टीवर गेल्यामुळे त्याच्या डोक्यात काही टिकले नव्हते. पहिलीच्या चिल्ल्यापिल्ल्यांत तो गुडघे पोटाशी घेऊन बसायचा, म्हणजे लहान दिसेल. त्याच्या शेजारच्या घरातली रविता पहिलीला होती आणि गणपतीपर्यंत ती गोष्टीच्या रांगेत पोचली. "तिचं दप्तर तरी धर, तेवढंच शिकशील," बाई त्याला म्हणत. पण दुपारी सगळे गेल्यावर त्याला थांबवून घेत आणि स्वतः त्याच्याजवळ जमिनीवर बसत. आमची शाळा चौथीपर्यंत. "पाचवीत ह्याला कोणी अक्षरं शिकवणार नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "ह्याला दिवाळीच्या आत आलं नाही तर जन्मभर येणार नाही." दुसऱ्या कुठल्या पोरासाठी त्या इतक्या बसलेल्या मी पाहिल्या नाहीत.

आणि त्याला यायला लागले. नवरात्रात तो शब्दांच्या रांगेत गेला. दसऱ्यानंतर एका सकाळी बाईंनी त्याला वाक्य दिले. त्याने बोट ठेवून, घाम पुसत, एकेक शब्द उचलत ते अख्खे वाक्य वाचले. बरोबर. सुकऱ्याने मान वर केली. त्या वेळचे त्याचे तोंड मी विसरलेलो नाही.

"परत," बाई म्हणाल्या.

त्याने वाचले. या वेळी गडबडला. "परत." आणखी गडबडला. "परत." आता त्याला पहिला शब्दही लागेना. बाई म्हणाल्या, "रविता, दाखव गं ह्याला." रविता उठली, त्याच्या खांद्यावरून वाकली आणि एका दमात ते वाक्य वाचून जागेवर जाऊन बसली. बिचारीला वाटले, मदत केली. कोणीतरी हसले. सुकऱ्याने पुस्तक मिटले, जमिनीवर नीट ठेवले आणि अंगणातून चालत घरी गेला. तो शाळेत पुन्हा आला नाही.

मी बाईंशी त्या दिवशी भांडलो. "एक शब्द टाकला असतात तर काय बिघडलं असतं?"

"त्याने चुकीचं वाचलं."

"पहिल्यांदा बरोबर वाचलं होतं."

"एकदा कुणालाही जमतं, सर. एकदा जमलं त्याला आलं म्हणायचं, आणि मग तो पाचवीत जाऊन तोंडावर पडेल. ते मी करणार नाही."

दोन दिवसांनी सुकऱ्याचा बापूस आला. अंगणातच उभा राहिला, व्हरांड्याची पायरी चढला नाही. "बाय, पोऱ्याची लाज गेली. एवढीशी पोर पुढं नं माझा पोऱ्या तिच्या मागं. आता तो शालेत यायचा नाय." बाई म्हणाल्या, "लाज मलापण वाटली होती. त्याला म्हणावं, रडत ये, पण ये." बापूस अंगणातूनच माघारी गेला.

दिवाळी झाली आणि ट्रक आला. बाई शाळा माझ्यावर टाकून रस्त्यावर गेल्या, तेव्हा मीही पोरांना बसवून मागे गेलो. सुकऱ्या वर गोधड्यांच्या बोचक्यावर बसला होता. "उतर," बाई म्हणाल्या. "आजीजवळ राहा. शिमग्याच्या आत तुला गोष्ट वाचायला लावते." त्या असे कधी कुणाला विनवत नसत, आणि विनवताना आवाज कसा काढायचा हे त्यांना माहीत नव्हते. तो हुकूमच वाटला. बापसाने वर पोराकडे बघितले. सुकऱ्याने तोंड दुसरीकडे फिरवले. ट्रक निघाला, आणि बाई शाळेकडे वळून मला म्हणाल्या, "वर्ग कुणावर सोडून आलात?"

पुढची वर्षे त्या तशाच राहिल्या, तीच जीभ, तेच परत. फरक एकच झाला. चार रांगा व्हरांड्यातून आत, खोलीत गेल्या. पाणी गळते म्हणून, असे त्यांनी मला सांगितले. उन्हाळ्यातसुद्धा गळत असावे.

बाई निवृत्त झाल्या तो महिना दिवाळीचाच होता. निरोपाला जुनी पोरे आली, मोठी होऊन. कोणी जव्हारला कॉलेजात, कोणी पोलिसभरतीच्या तयारीत. रविता नर्सिंग शिकत होती. तिने लिहून आणलेले भाषण वाचले, आणि खाली उतरल्यावर बाई तिला म्हणाल्या, "दुसऱ्या पानावर एक ओळ गाळलीस." रविता हसता हसता रडायला लागली. शाल, हार, फोटो सगळे झाले. मग गर्दीतून सुकऱ्या पुढे आला. बाविशी-तेविशीचा बाप्या, हाताला विटांचे घट्टे, मागे बायको आणि कडेवर पोर. त्याने बाईंच्या पायाला हात लावला.

"वाचतोस का काही?" बाईंनी विचारले. नमस्काराला त्यांचे हेच उत्तर असे.

"नाय, बाय." मग तो म्हणाला, "तवा तुमी एकदा बरा बोलल्या असत्या तं मी बसलो असतो."

"बरं बोलले असते तर तुला कळलं नसतं, की तुला येत नाही."

सुकऱ्याने मान हलवली. रागावलेला नव्हता तो. "आता कलतं मला," तो म्हणाला. "त्यानं काय होतं?"

ज्या बाईने साहेबांना आणि मला कधी उत्तराशिवाय सोडले नव्हते, तिने गळ्यातला हार काढून हातात घेतला. मग म्हणाली, "उद्यापासून ये. मी जामसरला आहे. जीप येते तिकडे." सुकऱ्या म्हणाला, "उद्या ट्रक हाय, बाय." एवढे बोलून तो बाजूला झाला. पोरांनी त्याचा नंबर घेतला आणि त्यालाही आपल्या मोबाइलच्या ग्रुपवर टाकले.

मी बाईंना जामसरला पोचवायला गेलो. जीपमध्ये त्या हार मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घाटात म्हणाल्या, "एक राहिला." मी म्हटले, बाई, इतकी पोरे शिकली, रविताकडे बघा. त्या म्हणाल्या, "रविताला कोणाकडेही आलं असतं, सर. तुमच्याकडेसुद्धा. मी होते ती त्याच्यासाठी होते." मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचेही नाही. त्या दिवशी फक्त वाईट वाटले.

त्यानंतर त्या फार जगल्या नाहीत. शिमग्याच्या आधी थोडे दिवस, छातीत दुखले म्हणून जव्हारला नेत होते, वाटेतच गेल्या. मी जामसरला गेलो. जुनी पोरे पुष्कळ आली होती. सुकऱ्या नव्हता. भट्टीवर असेल, असे मी धरून चाललो. काहीजण मात्र त्याचे नाव काढून तोंड वाकडे करत होते. मी विचारले नाही. मास्तर आला की पोरे विषय बदलतात.

तो मला भेटला मोखाड्याच्या बाजारात. शिमग्यापुरती भट्टीवरची माणसे नुकतीच घरी येत होती आणि जीपच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. सुकऱ्या लांबूनच हसत आला. "सर, बाईंला बक्षीस भेटला काय?" मला कळेना. त्याने मोबाइल पुढे केला. निरोपाच्या दिवशीचा बाईंचा फोटो, शाल आणि हार घातलेला. "ग्रुपवर आलता. मी टाल्या पाठवल्या. पण तवापासून काय येतच नाय. रिचार्ज हाय तरी येत नाय. बघा जरा, काय झालंय."

फोटोच्या खाली रविताने लिहिले होते, की आपल्या बाई आज पहाटे आपल्याला सोडून गेल्या. त्याखाली जोडलेल्या हातांच्या ओळी. त्यांच्या मध्ये सुकऱ्याच्या टाळ्या, एक नाही, पाच-सहा. त्याखाली बाकीच्यांनी त्याला लिहिले होते. आणि सगळ्यांत शेवटी, त्याला ग्रुपवरून काढले होते.

बाई गेल्या एवढेच सांगावे आणि मोबाइल परत द्यावा, असे माझ्या मनात आले. ते सोपे होते. चांगुलपणाचेही दिसले असते. मी त्याला स्टँडच्या मागे, भिंतीच्या आडोशाला नेले, जिथे दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नव्हते, आणि सगळे वाचून दाखवले. रविताचा निरोप वाचला. मग खालचेही वाचले. "सुकऱ्या, माणूस गेल्यावर टाळ्या वाजवतोस?" "एवढा राग होता तर निरोपाला कशाला आलास?" "लाज नाही याला." "काढा रे याला." एक ओळ गाळली नाही.

तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने विचारले, "त्या टाल्या पुसता येतात?"

"आता नाही येत. वेळ निघून गेली."

"मंग तुमी सांगा तेंना."

"काय सांगू?"

त्याने तोंड माझ्याकडे वळवले. बाजारातली दोन-चार माणसे आडोशाला आली होती आणि आमच्याकडे बघत होती. तो त्यांच्यासमोरच म्हणाला, आवाज खाली न आणता, "सांगा, सुकऱ्याला वाचता येत नाय. सगल्यांना सांगा."

मी तिथूनच रविताला फोन लावला, आणि मी सांगत असताना तो समोर उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला.